किडा चावून गेल्यावर राहणारे डाग, वण आणि गाठी: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

पहिला पावसाळा सरेपर्यंत नव्या भाडेकरूच्या घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर काळपट ठिपक्यांची रांग लागलेली असते. त्याच मजल्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या शेजाऱ्याचे पाय मात्र स्वच्छ असतात. त्यांचं रक्त 'कडू' आहे वगैरे काही नसतं. डास रक्त पिताना त्वचेत थोडी लाळ सोडतो आणि खाज सुटते ती त्या लाळेतल्या प्रथिनांमुळे. शरीराला ही प्रथिनं अगदीच अनोळखी असतात तेव्हा काही होत नाही. थोडी ओळख झाली की दुसऱ्या दिवशी लाल फोड येतो. पुढच्या टप्प्यात वीसेक मिनिटांत गांधी उठते आणि दुसऱ्या दिवशी फोडही येतो. खूप वर्षं तेच डास चावत राहिले की ही प्रतिक्रिया हळूहळू मंदावते. डासांच्या जाती बदलल्या की शरीराला ही ओळख बऱ्याच अंशी नव्याने करून घ्यावी लागते, म्हणून दुसऱ्या भागातून आलेल्याला इथे जास्त त्रास होतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांनाही याच कारणाने मोठ्यांपेक्षा जास्त फोड येतात.

इथे फक्त विष नसलेल्या किड्यांचा विचार केला आहे: डास, चिलटं, ढेकूण, पिसवा आणि जोडीला गोचीड. मधमाशी, गांधीलमाशी आणि विंचू यांचा मामला वेगळा. डासाच्या सोंडेने पडलेलं भोक केसाएवढंही नसतं, त्याचा वण राहत नाही. महिनोन्महिने जे दिसत राहतं ते बहुतेक वेळा नखांनी, उन्हाने किंवा चुकीच्या ट्यूबने केलेलं असतं. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

कोण चावलंय ते आधी ठरवा

जागा आणि वेळ पाहिली की निम्मं काम होतं. दिवसा, टेबलाखाली घोट्यांना चावतो तो बहुधा एडिस, पांढऱ्या पट्ट्यांचा डास. रात्री कानाशी गुणगुणतो तो क्युलेक्स, गटारं आणि साचलेल्या घाण पाण्यातला. ऐरोली, वाशी, कळवा, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात संध्याकाळी अंगाला सुया टोचल्यासारखं होतं आणि किडा नीट दिसतही नाही, तेव्हा खारफुटीच्या चिखलात वाढणाऱ्या एक-दोन मिलिमीटरच्या चिलटांचा संशय घ्यावा. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती आत येतात. त्यांना उडण्याचा जोर मात्र फारसा नसतो, त्यामुळे पंखा मोठा केला तरी बराच फरक पडतो.

सकाळी उठल्यावर उघड्या राहिलेल्या दंडावर, मानेवर किंवा पाठीवर तीन-चार फोड ओळीने दिसले तर गादीची शिवण उलगडून पाहा. काळे ठिपके आणि पलंगाच्या सांध्यातल्या चपट्या तपकिरी किड्यांवरून ढेकूण ओळखता येतात. पेइंग गेस्टच्या खोल्या आणि जुना विकत घेतलेला सोफा ही त्यांची नेहमीची वाट. कुत्रा-मांजर असलेल्या घरात गुडघ्याच्या खाली बारीक फोडांचे घोळके दिसले तर पिसवा.

दोन गोष्टी चाव्यासारख्या दिसतात, पण चावे नसतात. पहिली खरूज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, रात्री वाढणारी खाज, आणि घरातल्या किंवा खोलीतल्या आणखी कोणालाही तीच तक्रार. इथे सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं, एकट्याने मलम लावून उपयोग होत नाही. दुसरी म्हणजे पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे येणारा काळा-नारिंगी, सेंटिमीटरभरही लांब नसलेला बारीक भुंगेरा. तो चावत नाही. मानेवर बसला आणि आपण चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन त्वचेला लागतं आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी तिथे भाजल्यासारखा लांबट चट्टा उठतो. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत असेल तर समोरच्या त्वचेवर हुबेहूब दुसरा चट्टा. हा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, आणि चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा. त्या हाताने डोळे चोळू नका. चट्टा एक ते तीन आठवड्यांत भरतो, डाग मात्र महिनोन्महिने राहतो. तो डाग घालवायची रीत खाली दिली आहे तीच.

पहिले दोन दिवस

पुढे डाग राहणार की नाही, हे बरंचसं इथेच ठरतं.

चावल्याचं कळताच जागा साध्या साबणाने आणि पाण्याने धुवा. फ्रिजमधल्या पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल दहा मिनिटं धरा. बर्फाचा खडा थेट त्वचेवर नको. मग कॅलामाइन लोशन, दिवसातून तीन-चार वेळा, पण त्वचा फुटलेली नसेल तरच. खाजेने झोप उडत असेल तर मोठ्या माणसाला रात्री सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी चालते. तिने गुंगी येते, म्हणून गोळी घेऊन घोडबंदर रोडवर गाडी चालवायला निघू नका. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. मुलांचा डोस वजनावर ठरतो.

बहुतेक लोक पुढची गोष्ट करत नाहीत: फोड झाकणं. दिवसा आपण हात आवरतो, रात्री झोपेत नखं चालतातच. झोपताना फोडावर साधी औषधी चिकटपट्टी किंवा मुरमांवर लावायची पारदर्शक हायड्रोकोलॉइडची गोल चकती लावा. नखं आडवी, अगदी मुळाशी कापून कानशीने गुळगुळीत करा. लहान मुलांना पातळ सुती पायमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. या दोन उपायांचा खर्च फारसा नाही, आणि डाग टाळण्यात कुठल्याही महागड्या सीरमपेक्षा ते जास्त कामी येतात.

फोड खूप सुजलेला, लालभडक असेल तर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड, म्हणजे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, लिहून देतात. मुगाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोनदा, फक्त फोडावर, आणि पाच ते सात दिवसांत बंद.

आता घरातले उपाय. चुना आणि टूथपेस्ट त्वचा जाळतात. तापवलेल्या चमच्याने चटका दिला की खाज थांबते खरी, पण भाजल्याचा डाग चाव्याच्या डागापेक्षा गडद असतो. लिंबू चोळून उन्हात गेलं तर लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि तपकिरी ओघळ महिनोन्महिने दिसत राहतात. अँटिसेप्टिक द्रव पाणी न घालता कापसाने थेट लावायची सवय तर घरोघरी आहे. त्याने आग होते, त्वचा सोलते, आणि मग डाग 'किड्याचा' म्हणून ओळखला जातो. निओमायसिन असलेली पावडर किंवा मलम वारंवार लावल्याने काहींना त्या औषधाचीच अॅलर्जी येते. हळद लावून काही बिघडत नाही, फक्त ती धुतल्यावर पिवळेपणा जाईपर्यंत खाली लाली वाढतेय का ते दिसत नाही.

चिघळलं तर

चावल्यानंतर पहिल्या काही तासांत हाताच्या पंजाएवढी सूज आली, ती खाजते पण फारशी दुखत नाही, तर ती बहुधा लाळेची अॅलर्जी. मुलांच्या पापणीवर डास चावला की डोळा बंद होण्याइतकी सूज येते, ती याच प्रकारची. दोन दिवस उलटल्यावर लाली वाढू लागली, जागा गरम लागते, ठणकते, ताप येतो, तर जंतुसंसर्ग समजा. बॉलपेनने लालीची कड आखून वेळ लिहून ठेवा. काही तासांत लाली रेषेच्या बाहेर गेली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधासारखी पिवळी खपली धरली असेल तर तोही संसर्गच. थोडक्या जागेत असेल तर डॉक्टर बहुधा म्युपिरोसिनचं मलम देतात. मधुमेह असलेल्यांनी नडगीवरच्या साध्या फोडालाही हलक्यात घेऊ नये, तिथली जखम मुळातच हळू भरते.

येऊरच्या जंगलात किंवा गवतातून फिरून आल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर कुठे न दुखणारी काळी खपली सापडली, तर ती चाव्याची साधी खूण समजून सोडू नका. स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाच्या आजारात अशी खपली काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली लपलेली असते. डॉक्टरांना ती जागा मुद्दाम दाखवा. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं की हा आजार चांगला बरा होतो. ओठ-जीभ सुजणं किंवा श्वास लागणं मात्र घरी बघत बसायची गोष्ट नाही, १०८ ला फोन करा.

काय राहिलंय ते बोटाने पाहा

दोन-तीन आठवड्यांनी डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा. बोटाला काहीच लागलं नाही, फक्त दिसतं, तर तो रंगाचा डाग आहे. खड्डा किंवा उंचवटा लागला तर वण. आत गोळी लागली तर गाठ. तिन्हींचे उपचार निराळे आहेत. वणावर डागाची क्रीम सहा महिने लावून कंटाळलेले लोक बरेच असतात.

*रंगाचा डाग.* आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सूज आली की रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवतात. ते वरच्या थरात साठलं तर डाग तपकिरी दिसतो आणि साधारण सहा ते बारा महिन्यांत आपोआप फिका होतो. खालच्या थरात उतरलं तर करडा-निळसर दिसतो, आणि त्याला वर्षंही लागू शकतात. डॉक्टर वूड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात पाहून कोणत्या थरात आहे त्याचा अंदाज घेतात. पायांवरचे डाग चेहऱ्यावरच्यापेक्षा हळू जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पहिलं काम ऊन थांबवणं. पाम बीच रोडवर सकाळी सायकल चालवणाऱ्यांच्या पोटऱ्यांवरचे डाग जात नाहीत, कारण रोज त्यांच्यावर नवं ऊन पडतं. लांब पँट हा सर्वात स्वस्त आणि सर्वात चांगला सनस्क्रीन. उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, सढळ हाताने, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. इथल्या दमट हवेत घामाने तो लवकर वाहून जातो. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेडही डाग गडद करतो आणि साधा पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. चेहऱ्यावर डाग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेला, किंचित रंगीत सनस्क्रीन घ्यावा.

त्वचेवरची लाली आणि खाज पूर्ण गेल्यावरच डागाचं औषध सुरू करा. आधी नाही. सूज असताना लावलेली कुठलीही झोंबणारी क्रीम नवा डाग तयार करते. अॅझेलाइक अॅसिड १० टक्के किंवा नायसिनमाइड ४ ते ५ टक्के, यातलं एकच, रात्री, फक्त डागावर. पहिला आठवडा एक दिवसाआड. थोडी चुणचुण चालेल. सोलवटलं किंवा लाल झालं तर आठवडाभर थांबा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. अॅझेलाइक अॅसिड गरोदरपणातही सहसा सुरक्षित मानलं जातं. डागांवरची दुसरी दोन औषधं, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन, तेव्हा टाळायची. हायड्रोक्विनोन २ ते ४ टक्के हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीचं औषध आहे. वर्षानुवर्षं लावल्यास त्यानेच निळा-काळा डाग पडू शकतो, आणि तो जाता जात नाही.

डाग फिका होतोय की नाही हे रोज आरशात पाहून कळत नाही. चार आठवड्यांतून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. नाण्यामुळे आकारही मोजता येतो आणि फोटोतला उजेड सारखा होता का तेही कळतं.

कधी उलटं होतं, डाग पांढरट राहतो. घरात लगेच 'कोड' हा शब्द निघतो. खाजवून किंवा स्टेरॉइड लावून फिकी पडलेली जागा सहसा काही महिन्यांत भरून येते. मात्र फिक्या चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. ती आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात, आणि लवकर उपचार झाले तर व्यंग येत नाही.

*ट्यूबचा प्रश्न.* औषधाच्या दुकानात "किडा चावलाय" म्हटलं की बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तीन-चार घटकांचं एकत्र मलम हातात पडतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून घरात तीच ट्यूब सगळ्याला लावली जाते. बेटामेथाझोन किंवा क्लोबेटासॉल आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, रंग उडतो. पावसाळ्यात आणखी एक गंमत होते: मूळचा फोड चाव्याचा नसून नायटा असतो, स्टेरॉइडने त्याची गोल कड पुसली जाते आणि तो ओळखू न येता मांडीभर पसरतो. त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइड्स २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. घरातल्या ट्यूबवरचे घटक वाचा. नावाच्या शेवटी '-सोन', '-सॉल' किंवा '-सोलोन' दिसलं तर बहुधा स्टेरॉइड.

*वण.* फोड खोलवर खाजवला गेला किंवा पिकला तर छोटा खड्डा राहतो. त्याला घरी लावायचं काही नाही. खटकत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ सुयांचा किंवा लेझरचा उपचार सांगतात, आणि तोही डाग पूर्ण शांत झाल्यावर. उंच वण मात्र लवकर धरावा. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, किंवा सिलिकॉनची पट्टी दिवसाला किमान बारा तास, दोन-तीन महिने. जखम ओली असताना लावू नका. वण मूळ फोडाच्या हद्दीत राहिला तर तो हळूहळू बसतो. हद्द ओलांडून खेकड्याच्या नांग्यांसारखा पसरू लागला तर तो केलॉइड. छाती, खांदे, जबडा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. त्यात दर चार ते सहा आठवड्यांनी ट्रायअॅमसिनोलोनचं इंजेक्शन देतात. नुसता कापून काढला तर बऱ्याचदा आणखी मोठा होऊन परत येतो. घरात कोणाला केलॉइड असेल तर छाती-खांद्यावरचा फोड पहिल्या दिवसापासून झाकूनच ठेवा.

*गाठ.* पायावर वाटाण्याएवढी, टणक, तपकिरी गाठ. दोन बोटांनी बाजूने चिमटीत धरली की मधोमध खळी पडते. हा डर्मॅटोफायब्रोमा. काहींना ती चाव्यानंतर आल्याचं आठवतं, नक्की कारण सांगता येत नाही, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. निरुपद्रवी आहे, सोडून द्यावी. वाढत असेल, रक्त येत असेल किंवा रंग बदलत असेल तरच दाखवा.

गोचीड उपटताना तिचं तोंड आत राहिलं तर तिथे अनेक आठवडे खाजणारी गाठ होते. म्हणून तिला तेल, रॉकेल, काडेपेटी काही लावू नका. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर, सावकाश ओढा. मग साबणाने धुवा.

तिसरा प्रकार त्रासदायक: खडबडीत, खाजऱ्या गाठी, हात पोचतो तिथे सगळीकडे, आणि पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तिथे त्वचा साफ. सहा आठवड्यांवर हे चाललं असेल तर ती प्रुरायगो नोड्युलॅरिस असू शकते. सुरुवात कधीकाळी चाव्याने झाली असेल, आता खाज आणि खाजवणं एकमेकांना पोसतात. इथे साखर, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि लोहाची तपासणी करतात, कारण खाजेचं मूळ तिथे सापडू शकतं.

नवे चावे थांबेपर्यंत जुने डाग मोजू नका

एडिससाठी आठवड्यातून एक दिवस घरातलं साचलेलं पाणी ओता आणि भांडी घासून कोरडी करा: फ्रिजमागची थाळी, कुंड्यांच्या बशा, बाल्कनीतली बादली. घासायचं यासाठी की अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. डास दूर ठेवणारं डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकॅरिडिन उघड्या त्वचेवर लावा, सनस्क्रीन आधी आणि हे नंतर. दोन महिन्यांखालच्या बाळाला काही लावू नका, मच्छरदाणी वापरा. ढेकणांना चादरी उन्हात टाकून भागत नाही. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याकडून दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या ठरवून घ्या, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी दरम्यान फुटतात.

डॉक्टरकडे जाताना

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं, तर वाशीचं सार्वजनिक रुग्णालय नवी मुंबई महापालिकेचं आहे. त्वचा विभागाची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या वारी असते ते आधी फोन करून विचारा. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी लागते. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या वापरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. "एक पांढरी क्रीम लावली" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. दर चार आठवड्यांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. त्या दिवशी डागावर पावडर, क्रीम, हळद काही लावू नका. लेझरची घाई कोणी करत असेल तर डाग किमान सहा महिन्यांचा आहे का आणि आपल्या त्वचेच्या रंगावर तो लेझर चालतो का, हे दोन प्रश्न विचारा. सावळ्या त्वचेवर चुकीच्या लेझरने त्याच जागी आधीपेक्षा गडद डाग पडू शकतो.